जिवंत कोळ्याची शरीररचना : फलकांच्या प्रकल्प नोंदी

१६ जून २०२४

गावच्या जिल्हा परिषद शाळेसाठी उडी मारणाऱ्या कोळ्याच्या शरीररचनेचे छायाचित्र-फलक करायचं ठरलं. प्रत्येक फलक दोन फूट बाय तीन फूट. एका फलकावर एकच अवयव मोठा करून दाखवायचा आणि तो काय काम करतो ते खाली लिहायचं. गुरुजींनी वर्गाची मागची भिंत द्यायचं कबूल केलंय.

अट एकच : कोळी जिवंत हवा. स्पिरिटच्या बाटलीतला नको, टाचणीला टोचलेला नको. जीव घेऊ नये हे तर आहेच, पण शरीररचनेच्या दृष्टीनंही मेलेला कोळी खोटं सांगतो. मेलेल्या कोळ्याचे पाय नेहमी पोटाखाली मुडपलेले दिसतात. पाय आत ओढणारे स्नायू त्याला आहेत, पण पायातले दोन मोठे सांधे सरळ करणारे स्नायूच नाहीत. पाय ताठ करायचा तर शिरोवक्षातले (डोकं आणि छाती एकत्र असलेल्या पुढच्या भागातले) स्नायू आवळून तो रक्ताचा दाब वाढवतो, ते रक्त पायात शिरतं आणि सांधा उलगडतो. ट्रॅक्टरची ट्रॉली तेलाच्या दाबावर उचलली जाते, तसंच. जीव गेला की दाब गेला, आणि पाय मिटले. चिमट्यानं ते पाय सरळ करून फोटो काढला तर पाय दिसेल, पण पाय चालतो कशावर ते दिसणार नाही. फलकावर मला नेमकं तेच दाखवायचंय.

हे कोळी साल्टिसिडी कुळातले. कोळ्यांच्या सगळ्या कुळांत हे सर्वांत मोठं, ६,००० पेक्षा जास्त जाती. हे जाळं विणून बसत नाहीत. भक्ष्य बघतात, मांजरपावलांनी जवळ जातात आणि झेप घेतात. म्हणजे यांचं सगळं शरीर बघण्यासाठी आणि उडण्यासाठी घडलेलं. फलकांचा क्रमही तसाच ठेवणार : आधी डोळे, मग पाय, मग बाकीचं.

२३ जून २०२४

साहित्य. एपीएस-सी सेन्सरचा जुना कॅमेरा. फिल्मच्या काळातली ५० मिमीची लेन्स, अ‍ॅपर्चर (प्रकाश आत घेणारं छिद्र) हातानं फिरवायची, ती उलटी लावलेली. मध्ये एक्स्टेंशन ट्यूब, म्हणजे लेन्स सेन्सरपासून लांब नेणारी पोकळ नळी. यातून सेन्सरवर प्रतिमा मूळ वस्तूच्या दुप्पट पडते. सेन्सरची रुंदी साधारण २२ मिमी, म्हणजे चौकटीत ११ मिमी रुंदीचं जग मावतं. आपल्या भिंतीवरचा मोठा कोळी ९ मिमीच्या आसपास असतो. बरोबर बसतो.

लेन्स उलटी लावली की कोळी चार-पाच सेंटिमीटरवर येतो. माणूस असता तर एवढ्या जवळून लाजला असता. हा कोळी उलट वळून लेन्सकडे बघतो.

आकडेमोड इथेच लिहून ठेवतो, पुढे लागेल. लेन्सवर एफ/८ ठेवलं तरी दुप्पट मोठेपणाला प्रत्यक्षात ते एफ/२४ सारखं वागतं, कारण अ‍ॅपर्चरच्या आकड्याला 'एक अधिक मोठेपणा' यानं गुणावं लागतं. एफ/२४ ला प्रकाशाचं विवर्तन (बारीक छिद्रातून जाताना पसरणं) सुरू होऊन केस मऊ, पुसट दिसायला लागतात. बारीक छिद्र ठेवून स्पष्ट दिसणारी खोली वाढवावी तर धार जाते. एफ/५.६ ला धार राहते, पण स्पष्ट दिसणारी खोली मिलिमीटरचा सहावा हिस्सा उरते. कोळ्याच्या पुढच्या डोळ्यापासून मागच्या डोळ्यापर्यंतचंच अंतर याच्या कितीतरी पट आहे. म्हणून एफ/५.६, आणि कॅमेरा पुढे सरकवत एकामागून एक फोटो काढून संगणकावर त्यांची थप्पी जोडायची. जिवंत कोळ्याची थप्पी जोडायची तर तो काही सेकंद स्थिर बसायला हवा. ते त्याच्या मर्जीवर.

५ जुलै २०२४

पाऊस उघडला. आमच्या माळवदाच्या उगवतीकडच्या भिंतीवर सकाळचं ऊन येतं आणि त्या उन्हावर माश्या येतात. माश्यांमागून कोळी. ही जात मेनेमेरस बायव्हिटॅटस. अंग चपटं, राखाडी, मातीच्या गिलाव्यावर हालचाल केल्याशिवाय दिसत नाही. मादीच्या पोटाच्या कडेनं काळसर पट्टे, नराच्या पोटावर मधोमध गडद पट्टा. उष्ण प्रदेशात जगभर माणसाच्या घरांबरोबर राहणारी जात आहे ही. माळवद असो की सिमेंटचा स्लॅब, तिला भिंत मिळाली की झालं.

आज्जी ओसरीवरून बघत होती. म्हणाली, "त्येला काय बघूलालास रे एवढं? माशा खातंय ते, ऱ्हाऊ दे."

राहू देतोच आहे, आज्जी. म्हणून तर भिंतीपाशी कॅमेरा आणला.

आज फक्त निरीक्षण. माशी दीड हातावर बसली की कोळी आधी सगळं अंग तिच्याकडे वळवतो. बाजूचे छोटे डोळे हालचाल टिपतात, मग पुढच्या दोन मोठ्या डोळ्यांसमोर ती वस्तू यावी म्हणून शरीर वळतं. फोटोसाठी हे सोन्यासारखं आहे. बोट थोडं बाजूला हलवलं की तो बोटाकडे वळतो आणि मला हवा तो कोन मिळतो. त्याला हात लावायची गरजच पडत नाही.

२१ जुलै २०२४

प्रकाश. फ्लॅश कमी ताकदीवर ठेवला की त्याचा झोत सेकंदाच्या दहा हजाराव्या भागाच्या आसपास आटोपतो, हाताचा कंप आणि कोळ्याची चुळबुळ दोन्ही गोठतात. पण उघडा फ्लॅश या प्राण्यावर चालत नाही. डोळे म्हणजे बहिर्गोल आरसे. समोर जे असेल ते त्यात उमटतं. उघड्या फ्लॅशचा एक कडक पांढरा ठिपका डोळ्यात बसला की डोळ्याची गोलाई मरते.

पांढऱ्या थर्माकोलचं कमानीसारखं छप्पर, पुढे ट्रेसिंग पेपरचे दोन थर, मधे बोटभर अंतर. हे अंतर महत्त्वाचं, पहिल्या थरावर पसरलेला प्रकाश दुसऱ्यावर पुन्हा पसरतो. आता डोळ्यात वरच्या बाजूला एक मऊ, मोठा उजेड दिसतो आणि खाली काळोख. त्या काळोखात काय आहे, तोच पहिल्या फलकाचा विषय.

३ ऑगस्ट २०२४

डोळ्यांचा फलक. आज पुतणी छप्पर धरायला आली होती. सातवीत आहे, हात माझ्यापेक्षा स्थिर. कॅमेऱ्याच्या पडद्यावर बघता बघता म्हणाली, "काका, ह्याचा डोळा आत्ता काळा होता, आता मधासारखा झालाय. रंग बदलतो का?"

डोळ्याचा रंग बदलत नाही. तिनं जे पाहिलं ते या प्राण्याच्या शरीरातलं सर्वांत नवलाचं यंत्र आहे आणि तेच फलकावर यायला हवं.

कोळ्याला आठ डोळे. पुढचे दोन मोठे, ते मुख्य. त्यांचं भिंग बाहेरच्या कवचाचाच भाग आहे, म्हणून डोळा बाहेरून हलत नाही. पापणी नाही. पण भिंगाच्या मागे आत एक लांब नळी आहे आणि त्या नळीच्या तळाशी दृष्टिपटल. हे पटल आपल्यासारखं पसरलेलं नाही, उभ्या अरुंद पट्टीसारखं आणि मधे वाकलेलं आहे. त्यामुळे एका वेळी त्याला अगदी चिंचोळा भाग दिसतो, पण तो फार स्पष्ट दिसतो. मग बाकीचं दृश्य बघायचं कसं? प्रत्येक नळीला सहा स्नायू आहेत. ते नळीचं मागचं टोक आतल्या आत वर-खाली, डावी-उजवीकडे सरकवतात, गोल फिरवतातही. भिंग जागेवर, पटल फिरतं. मायकेल लँड यांनी १९६९ मध्ये या पटलाच्या हालचाली नीट मांडल्या. माणसाच्या डोळ्याच्या गोळ्याला हलवणारे स्नायूही सहाच.

आता पुतणीचा प्रश्न. नळी थेट आपल्याकडे रोखलेली असते तेव्हा भिंगातून आपल्याला तळाचं गडद पटल दिसतं, म्हणून डोळा काळा. नळी बाजूला वळली की पटल दृष्टीआड जातं आणि नळीची फिकट बाजू दिसते, म्हणून मधासारखा. म्हणजे डोळा काळाभोर दिसला तर तो लेन्सकडेच बघतोय. फलकासाठी तोच क्षण निवडायचा, आणि शेजारी दुसरा छोटा फोटो, एक डोळा काळा आणि एक फिकट असा. मेलेल्या कोळ्यात ही नळी कुठेतरी थांबलेली असते, तिच्याकडून हे कधीच कळलं नसतं.

अंतर कसं मोजतो, ही आणखी एक गोष्ट. पटलाला एकावर एक चार थर आहेत. जपानमधल्या संशोधकांनी २०१२ मध्ये हासारियस अॅडान्सोनी या जातीवर दाखवलं की हिरव्या प्रकाशाची प्रतिमा एका थरावर स्पष्ट पडते आणि वरच्या थरावर नेहमी पुसट पडते. वस्तू जितकी जवळ तितका पुसटपणा जास्त. त्या पुसटपणावरून कोळी उडीचं अंतर ठरवतो. त्यांनी फक्त लाल उजेड ठेवला तेव्हा कोळ्यांच्या उड्या अलीकडेच पडल्या. पुसटपणा मला नको असतो, त्यासाठी मी रात्र रात्र थप्पी जोडत बसतो. कोळ्याचं पोट त्याच पुसटपणावर भरतं. मजकुरात हे नक्की घालायचं.

मधल्या सगळ्या फोटोंपैकी तीनच ठेवले. बाकीच्यांत डोळ्यांपुढचे केस धारदार आणि डोळा मऊ. डोळा मऊ असलेला फोटो कितीही रंगीत असला तरी फलकाला चालणार नाही.

२ सप्टेंबर २०२४

पोळा. कालपासून मुसळधार. बैल गोठ्यातच सजवले. भिंत ओली, कोळी फटींत. काम बंद.

१४ सप्टेंबर २०२४

देवळीच्या कोपऱ्यात चुन्याचा पोपडा सुटलाय, त्याच्या मागे पांढऱ्या रेशमाचा चपटा कोष आणि त्यावर मादी. आज पिल्लं दिसली. टाचणीच्या डोक्याहून लहान आणि इतकी फिकट की शिरोवक्षातून आरपार दिसतं. भिंगामागच्या नळ्या दोन काळसर ठिपक्यांच्या रूपात दिसतात, आणि त्या हलतात! दोन्ही एकदम, डावीकडे, उजवीकडे, मग आत.

ऑगस्टमध्ये जे मजकुरात लिहून ठेवलं ते आज डोळ्यांनी बघितलं. बराच वेळ कॅमेरा हातात असून बटण दाबलं नाही.

मग व्हिडिओ घेतला. फोटोत ठिपका फक्त ठिपका राहतो, हलतो तेव्हाच त्याला अर्थ येतो. मागून मंद उजेड, समोर ट्रेसिंग पेपर. मादी दारात उभी राहून पुढचे पाय उचलून मला धमकावत होती, म्हणून थोडक्यात आटोपलं. फलकावर या व्हिडिओतली एकामागून एक चित्रं पट्टीसारखी छापायची, नळीची जागा बाणानं दाखवून.

हीच पारदर्शक पिल्लं वापरून जर्मनीतल्या डॅनिएला रोस्लर आणि सहकाऱ्यांनी २०२२ मध्ये एक निरीक्षण प्रसिद्ध केलं. इव्हार्का आर्क्युआटा जातीची पिल्लं रात्री धाग्याला लटकलेली असताना ठरावीक वेळानं त्यांच्या या नळ्या भराभर हलतात, पाय आकसतात. माणूस स्वप्न बघतो त्या झोपेशी या अवस्थेचं साम्य आहे. कोळी स्वप्न बघतात का, हे त्यातून सिद्ध होत नाही, आणि फलकावर तसं लिहायचं नाही. नळ्या झोपेसारख्या अवस्थेतही हलतात, एवढंच लिहायचं. मुलं पुढचं स्वतः विचारतील.

२९ सप्टेंबर २०२४

कात. भिंतीवरच्या रेशमी घरट्यात टाकलेली कात मिळाली. ही मात्र बिनधास्त टेबलावर ठेवून, मायक्रोस्कोपचं चारपट ऑब्जेक्टिव्ह लावून, हवे तितके फोटो काढता येतात. कोळ्याला तिची गरज नाही. शिरोवक्षाचं झाकण वेगळं उघडलेलं, आणि त्यावर आठही भिंगांचं पारदर्शक कवच जसंच्या तसं! भिंग बाहेरच्या कवचाचा भाग आहे हे पटवायला याहून चांगला पुरावा नाही.

पायाची टोकंही यातूनच. दोन नख्या आणि त्यांच्याखाली केसांचा दाट झुपका. त्या प्रत्येक केसाला आणखी सूक्ष्म केस, त्यांची टोकं पसरट. इव्हार्का आर्क्युआटाच्या पायांवर असे सहा लाखांहून अधिक सूक्ष्म टोकं असल्याचं २००४ मध्ये मोजलं गेलंय. डिंक नाही, चिकट पदार्थ नाही. टोकं पृष्ठभागाच्या इतकी जवळ जातात की रेणूंमधलं आकर्षणच त्याला धरून ठेवतं. खिडकीच्या काचेवर तो का घसरत नाही त्याचं उत्तर हे. माझ्या ऑब्जेक्टिव्हला झुपक्यापर्यंत दिसतं, त्या सूक्ष्म टोकांपर्यंत नाही. तिथे हातानं काढलेली रेखाकृती टाकणार आणि 'रेखाकृती' असं स्पष्ट लिहिणार. फोटो आणि चित्र यांची सरमिसळ शाळेच्या फलकावर नको.

प्रत्येक फलकावर एक मिलिमीटरची रेघ हवी. त्यासाठी त्याच मोठेपणाला स्टीलच्या पट्टीचा फोटो काढून ठेवला.

१३ ऑक्टोबर २०२४

काल दसरा. सोयाबीनच्या राशीत आठवडा गेला, आज पुन्हा भिंत.

उडीचा फलक. मोबाईलच्या स्लो मोशनमध्ये क्रम दिसतो तो असा : अंग खाली दबतं, पोटाचं टोक भिंतीला टेकतं, मागचे पाय आवळले जातात, आणि मग एकदम ताठ. पोटाचं टोक टेकतं तेव्हा तो स्पिनरेटमधून (पोटाच्या टोकावरच्या धागा काढणाऱ्या अवयवातून) धागा भिंतीला चिकटवतो. मागचे पाय ताठ होणं हा पहिल्या नोंदीतला रक्ताचा दाब. पॅरी आणि ब्राऊन यांनी १९५९ मध्ये दाखवलं की उडी ही चौथ्या पायाच्या जोडीचे सांधे दाबानं अचानक सरळ होण्यातून येते. टोळाच्या मागच्या मांड्या जाडजूड असतात, या कोळ्याच्या तशा नाहीत. ताकद पायात साठवलेली नाही, ती शिरोवक्षातून येते.

धाग्याचं काम पडू न देणं एवढंच आहे असं मी समजत होतो, तर २०१३ च्या एका अभ्यासात त्याहून पुढची गोष्ट आहे. हासारियस अॅडान्सोनी धाग्यासकट उडतो तेव्हा धागा हवेत त्याचं अंग सावरतो. धागा सोडू न शकणारे कोळी हवेत मागे कलंडले आणि वेडेवाकडे उतरले. म्हणून फलकावर कोळी हवेत आणि मागे धागा, दोन्ही एका चौकटीत हवेत. काळी पाटी मागे धरून आणि फ्लॅश बाजूनं, जरा मागून टाकला की धागा उजळतो. उडीची दिशा ठरलेली असते, कारण समोर मीच काडी धरलेली असते. अशी एक चौकट मिळाली. धागा पूर्ण नाही, पण पोटापासून बोटभर स्पष्ट आहे.

१० नोव्हेंबर २०२४

तूर फुलावर आलीय. पानांवर टेलामोनिया डिमिडिआटाची मादी, अंग फिकट पिवळसर, पोटावर दोन तांबड्या रेघा. भिंतीवरच्या राखाडी कोळ्याशेजारी हिला ठेवून बघितलं तर एकाच कुळातले आहेत यावर मुलांचा विश्वास बसणार नाही. चेहरा बघितला की बसेल.

तात्या फवारणीचा पंप घेऊन आले होते. शेंगा पोखरणाऱ्या अळीची त्यांना काळजी, आणि ती खरी आहे. मी म्हटलं, "तात्या, बांधाकडच्या ओळी तेवढ्या आज सोडता का? तिथं माझे कोळी आहेत."

"खातेत का अळ्या ते?"

"बारक्या खातात. तुडतुडे, माश्या तर खातातच. पण मोठी अळी त्यांच्यानं होणार नाही." जे खरं ते सांगितलं. तात्यांनी त्या ओळी सोडल्या. औषध अळी आणि कोळी यांत फरक करत नाही. फलकावर एक ओळ शेतकऱ्यांसाठीही टाकावी, शाळेत पालकसभेला तेच येतात.

या मादीच्या पायांवरचे लांब, उभे, अगदी बारीक केस आज हाती लागले. बाजूनं येणाऱ्या प्रकाशातच ते दिसतात, समोरून टाकला की हरवतात. हे केस हवेच्या कंपनानं हलतात. २०१६ मध्ये अमेरिकेत फिडिपस ऑडॅक्स या उड्या मारणाऱ्या कोळ्याच्या मेंदूतले संदेश नोंदवून दाखवलं गेलं की तीन मीटरहून लांबचा आवाजही त्याला कळतो, ८० हर्ट्झच्या आसपासचा तर जास्तच. असा आवाज आला की तो जागच्या जागी थिजतो. कोळी पकडणाऱ्या गांधीलमाशीच्या पंखांची गुणगुण त्याच पट्ट्यात येते. कान नाही, पडदा नाही, आणि ऐकतो.

३० डिसेंबर २०२४

वेळा अमावास्या. सगळं गाव शिवारात. कोपीत पूजा, भज्जी, अंबील, आणि दुपारी पाहुण्यांची ही गर्दी. सकाळी लवकर जाऊन काम उरकलं. थंडीनं कोळी संथ असतात, ऊन चढेपर्यंत एका जागी बसतात, त्यामुळे थप्पीसाठी सर्वांत चांगला वेळ हाच. काहीजण कोळी फ्रिजमध्ये ठेवून थंड करतात. मला ते करायचं नाही. गारठलेल्या कोळ्याचे पाय आकसलेले येतात, म्हणजे पुन्हा तोच खोटेपणा. शेतातल्या पहाटेची थंडी त्याची स्वतःची आहे, तिच्यात तो स्वतःच्या ढबीत बसतो.

बांधावरच्या बाभळीवर मुंगीसारखा दिसणारा मिर्माराक्ने. अंग सडपातळ, मधे खोबण, पुढचे दोन पाय मुंगीच्या मिशांसारखे उचलून हलवत चालतो. मुंगीला पाय सहा, याला आठ. दोन मिशा झाल्या की हिशोब जुळतो. पण चेहरा समोरून घेतला की दोन मोठे डोळे सगळं सांगून टाकतात. सोबत आलेली पोरं एकेक करून कॅमेऱ्यात बघून गेली. "मुंगीच आहे" म्हणणारा एकजण पडद्यावरचे डोळे बघून गप्प झाला आणि मग आणखी एक शोधून घेऊन आला. यालाही फलक द्यायचा.

याच पोरांसाठी एक माहिती मजकुरात वाढवली. ठाणे-कल्याण भागात सापडलेल्या एका उड्या मारणाऱ्या कोळ्याला २०२१ मध्ये आयसियस तुकारामी असं नाव दिलं गेलं, २६/११ च्या हल्ल्यात दहशतवाद्याला पकडताना प्राण दिलेल्या तुकाराम ओंबळे यांच्या स्मरणार्थ. आपल्या राज्यात अजून नव्या जाती सापडताहेत, हे मुलांना कळलं पाहिजे.

१२ जानेवारी २०२५

लातूरला छपाईची चौकशी. फ्लेक्स स्वस्त पडतं, पण नमुना छापून बघितला तर डोळ्याचा काळा रंग राखाडी आला. ज्या फलकाचा सगळा अर्थ डोळा काळा असण्यात आहे, त्याला ते चालणार नाही. डोळे, पिल्लांच्या नळ्या आणि उडी हे तीन फलक मॅट फोटो पेपरवर, सनबोर्डला चिकटवून. कात, पायाची टोकं, केस आणि मुंगीसारखा कोळी फ्लेक्सवर चालतील, तिथे पार्श्वभूमी फिकट आहे. चकचकीत कागद कुठेच नको, वर्गाच्या खिडकीचा उजेड त्यावर पडून मुलांना फक्त खिडकी दिसेल.

पुतणीनं मजकूर वाचून खुणा केल्या. 'शिरोवक्ष' शब्द तिला चालला, 'दृष्टिपटल' पाठ्यपुस्तकात आहे म्हणाली, 'विवर्तन' काढून टाकायला लावलं. काढलं. फलकाची उंचीही तिनंच ठरवली : डोळ्यांचा फलक चौथीच्या मुलांच्या नजरेच्या रेषेत, वर नाही.

पेडिपाल्पचा फलक राहिलाय. तोंडाजवळचे ते दोन छोटे पाय, त्यांत सहा खंड, चालायच्या पायांत सात. पूर्ण वाढलेल्या नरात त्यांची टोकं फुगीर होतात, आणि मादीकडे शुक्रजंतू पोचवायचं काम त्यांचं. शाळेत हे सांगायला गुरुजींची हरकत नाही, "जीवशास्त्र आहे ते" म्हणाले. त्यासाठी प्रौढ नर समोरून आणि खालून, दोन्ही बाजूंनी हवा. खालून घ्यायचा तर काचेवर चालताना. खिडकीची एक काच काढून चौकटीत आडवी बसवली आहे, खाली कॅमेरा मावेल एवढी जागा ठेवून. फेब्रुवारीअखेर भिंती तापायला लागल्या की नर बाहेर पडतील, तेव्हा सुरू करायचं.